पिल्लू सारखं चावतंय? दुधाच्या दातांचा त्रास आणि ‘घरचंच आहे’ म्हणून होणारी चूक

अंजनगाव सुर्जीतल्या आमच्या घरात सध्या एकही चप्पल जोडीनं सापडत नाही. बाबांच्या चपलेचा अंगठा गेला, माझ्या चार्जरची वायर गेली, आईनं विणलेल्या पायपुसण्याचे दोरे निघाले. माझ्या मनगटांवर इतके ओरखडे आहेत की व्हिडिओ कॉलवर एका सहकाऱ्यानं काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? गुन्हेगार एकच आहे. नाव भुऱ्या, वय साडेचार महिने, मूळ पत्ता आमच्याच गल्लीतली नाली.

गावाकडची पिल्लं बहुतेक अशीच येतात. आपल्याकडे गल्लीतल्या कुत्र्या पावसाळ्याच्या शेवटाला गाभण राहतात, साधारण ६३ दिवसांनी म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे पिल्लं होतात, आणि थंडीत कुडकुडणारं एखादं पिल्लू कुणीतरी पोत्यात गुंडाळून घरी आणतं. पुढचे चार महिने घरादाराचे दात मोजण्यात जातात.

नेमकं होतं काय?

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दात नसतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात आणि दोन महिन्यांचं होईपर्यंत २८ दात पुरे होतात. सुईसारखे टोकदार. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात, आधी पुढचे बारीक, नंतर सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत त्या जागी ४२ पक्के दात आलेले असतात. या काळात हिरड्या सुजतात, शिवशिवतात. काहीतरी दाताखाली धरून दाबलं की बरं वाटतं, म्हणून चपलेपासून पलंगाच्या पायापर्यंत सगळं तोंडात जातं. चघळलेल्या फडक्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला किंवा पडलेला दात पिल्लानं गिळला, तरी घाबरायचं कारण नाही. मात्र नवा सुळा आला आणि जुना शेजारी तसाच उभा राहिला, तर पशुवैद्यांना दाखवावं. तो काढावा लागू शकतो.

पण दात हे अर्धंच कारण. पिल्लं खेळतात तेच मुळी तोंडानं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ सोडून देतं. किती जोरानं दात लावायचा, हे पिल्लू तिथं शिकतं. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये म्हणतात. आम्ही भुऱ्याला पाचव्या आठवड्यात उचललं. थंडी होती, दया आली, पण त्याची शाळा मधेच सुटली ती सुटलीच. जी शिकवण भावंडांनी द्यायची, ती आता आमच्या हातापायांवर चालू आहे.

मग करायचं काय?

आजूबाजूचा पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘दोन ठेवून दे.’ तोंडावर मारल्यानं पिल्लाला एवढंच कळतं की माणसाचा हात जवळ आला की दुखतं. पुढं तेच कुत्रं हात दिसला की गुरगुरतं, आणि आपण म्हणतो जातच वाईट. दिवसभर साखळीला बांधणं हा दुसरा सल्ला. त्यानं साचलेला जोर संध्याकाळी सोडल्यावर दुप्पट निघतो.

कामी येते ती गोष्ट कंटाळवाणी आहे. दात कातडीला लागला की हात झटकायचा नाही. झटकलेला हात म्हणजे पळणारी शिकार, पिल्लू आणखी जोरात धरतं. हात तिथंच निर्जीव करायचा, चघळायची वस्तू पुढं करायची. ती घेतली तर शाबासकी. नाही घेतली तर काही न बोलता उठून निघून जायचं, अर्ध्या मिनिटासाठी. चावलं की खेळ संपतो, एवढा एकच नियम. तो घरातल्या प्रत्येकानं पाळायचा, आणि इथंच बहुतेक घरं हरतात. आमच्याकडे मी आठवडाभर शिकवायचो आणि माझा चुलत भाऊ दहा मिनिटं हातानं झोंबाझोंबी खेळून सगळं धुवून टाकायचा.

संध्याकाळी सात वाजता पिल्लू अंगात आल्यासारखं घरभर धावत चावत सुटलं, तर ते बहुधा दमलेलं असतं. एवढ्या वयाच्या पिल्लाला दिवसात १८ ते २० तास झोप लागते. पोरांची वर्दळ असलेल्या घरात ती मिळत नाही. शांत कोपऱ्यात गोणपाट टाकून द्या, बऱ्याचदा पाच मिनिटांत घोरायला लागतं.

चघळायला काय द्यायचं? पेट शॉपमधलं रबरी खेळणं चांगलं, पण घरात त्याहून स्वस्त वस्तू असते. जुनं सुती लुगडं फाडून त्याची जाड वेणी घालायची, पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची. वऱ्हाडात दात बदलायची वेळ नेमकी मार्च-एप्रिलच्या उन्हात येते, त्यामुळे गार वेणीवर पिल्लू तुटून पडतं. दोरे सुटायला लागले की फेकून द्या, पोटात गेले तर आतड्यात अडकतात. गार गाजर चालतं. आजीनं वाळलेल्या भाकरीचा तुकडा दिला होता, तो दीड मिनिटात संपला. जुनी चप्पल मात्र खेळायला देऊ नका. जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही. शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन ‘थोडीशी’ म्हणूनही देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरतात.

आणि घर एकदा पिल्लाच्या उंचीवर बसून बघा. डांबरगोळ्या, वायरी, अंगणातली कण्हेर. आपल्या भागात शेतकऱ्याच्या घरात एक कोपरा फवारणीच्या औषधांचा असतोच. तो डबा, तो पंप, रिकामी बाटलीसुद्धा, वर उचला. चप्पल पुन्हा घेता येते.

रक्त आलं तर?

फेब्रुवारीत भुऱ्यानं खेळता खेळता बाबांच्या बोटात सुळा रुतवला. रक्ताचे दोन थेंब. अंजनगाव म्हणजे पानमळ्यांचं गाव, चुन्याची डबी घरोघरी. बाबांनी बोटावर चुना दाबला आणि विषय संपवला. मी दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाले, ‘कायचं इंजेक्शन? दुधाचे दात हायेत त्याचे. घरचंच पिल्लू हाये.’

रेबीजला दात दुधाचा की पक्का याच्याशी देणंघेणं नसतं. विषाणू लाळेत असतो, आणि बिनालसीच्या आईचं, गल्लीतून आलेलं पिल्लू तो घेऊन आलेलं असू शकतं. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात २२ वर्षांचा एक राज्यस्तरीय कबड्डीपटू रेबीजनं गेला. त्यानं नालीत अडकलेलं पिल्लू बाहेर काढलं होतं, तेव्हा ते बोटाला चावलं. जखम किरकोळ वाटली, त्यानं लस घेतली नाही. सुमारे दोन महिन्यांनी लक्षणं दिसली. लक्षणं सुरू झाल्यावर या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जे करायचं ते त्याआधीच.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. चुना, हळद, तिखट, तेल काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. रक्त न येता ओरखडा उठला असेल तरी लस लागते. कातडी फुटून रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत आणि तिच्याभोवती सीरमही टोचतात. ते आपणहून विचारा. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, दंडात दिली तर १४ व्या दिवशीचा आणखी एक डोस. पोटात १४ इंजेक्शनं हा जुना इतिहास झाला. कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात, पण लस त्या दहा दिवसांची वाट न बघता सुरू करायची. एकदा कोर्स पुरा झाला की पुढच्या चाव्याला डोस कमी लागतात आणि सीरम लागत नाही. पिल्लू पाळणाऱ्या घरासाठी हे सोयीचंच आहे.

पिल्लाची स्वतःची रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, नंतर बूस्टर, मग दरवर्षी. भुऱ्याची लस पुढच्या आठवड्यात ठरलेली होती. तो चावला त्याआधी.

बाबा तयार झाले ते माझ्या समजावण्यानं नाही. आजी म्हणाली, ‘जा ना बापा, एवढं काय भेतं सुईले?’ त्यावर गेले. २८ व्या दिवसाचं इंजेक्शन घेऊन आले त्याच आठवड्यात गोधडी झाडताना एक बारीक पांढरा दात खाली पडला. आजीनं तो उचलला आणि आमचे लहानपणी फेकायची तसाच अंगणातून टिनाच्या छपरावर फेकला. टण्णकन आवाज झाला, आणि भुऱ्या त्या दिशेनं भुंकत सुटला.