लाल विंचवाचा दंश: उपचारांचा मागोवा

सातारा-सांगलीपासून सह्याद्रीपलीकडच्या कोकणापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आढळणारा लाल विंचू अंगाने लहान असला तरी भारतातल्या विंचवांत सर्वांत घातक आहे. बांधाचे दगड, गवताची गंजी, जळणाचा ढीग या त्याच्या जागा. मोठ्या माणसाचे पुष्कळदा वेदनांवरच निभावते. लहान मुलाच्या मात्र काही तासांत जिवावर बेतते.

मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरण्याकडे लक्ष वेधले. पण कारण दिसले तरी उपाय सापडला नव्हता. अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, डिगॉक्सिन, गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण असे जे हाताशी असेल ते दिले जाई. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतात फुप्फुसांत पाणी भरून २५ ते ३० टक्के रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा पुस्तकांत या दंशाविषयी फारसे काही नव्हते. मग रुग्णाची खाट हेच अभ्यासाचे ठिकाण झाले. रात्र-रात्र रुग्णाजवळ थांबून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास आणि हातापायांचा गारवा टिपला. उलट्या, घामाने चिंब अंग, तोंडाला सुटणारी लाळ, मुलग्यांमध्ये ताठरलेले लिंग ही पुढच्या संकटाची आगाऊ चिन्हे आहेत, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. या संशोधनाचे खरे मोल इथे आहे: यातले कोणतेही चिन्ह ओळखायला यंत्र लागत नाही.

या संकटामागचे गणित असे. विषामुळे चेतापेशींमधील सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत आणि अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर लोटतो. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार येतो आणि शेवटी फुप्फुसे भरतात. तेव्हा आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे हाच मार्ग होता. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले गेले. ते गुणकारी ठरले, पण शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचे, उजेडापासून झाकून ठेवायचे आणि सतत रक्तदाब मोजत राहायचे औषध खेड्यातल्या दवाखान्याला पेलणारे नव्हते. प्राझोसिनची स्वस्त गोळी तेच काम तोंडावाटे करू शकत होती. तिच्या वापराचा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ही गोळी रूढ झाल्यावर मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले.

गोळी देऊन काम संपत नाही. निम्मे यश शुश्रूषेचे आहे. पहिल्या मात्रेनंतर उठून बसल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला सपाट झोपवून ठेवावे लागते. रडणाऱ्या लेकराला आई साहजिकच उचलून कडेवर घेऊ पाहते. तिला समजावून थांबवणे हा उपचाराचाच भाग आहे. उलट्या आणि घाम यांमुळे गेलेले पाणी भरून काढावे लागते. नाडी, श्वास आणि रक्तदाब पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास दर तासाला आणि नंतर चार-चार तासांनी पाहायचे असतात. हातपाय ऊबदार होईपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा गोळी दिली जाते. हे सगळे जागरूक परिचारिकेच्या हातून होते, आणि या कामगिरीत तिचा वाटा क्वचितच सांगितला जातो.

पुढचा प्रश्न होता, प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो का. महाडमध्येच ७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी आठच. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

फुप्फुसे पूर्ण भरल्यावर आलेल्या रुग्णाला आजही नुसती गोळी पुरत नाही. त्याला प्राणवायू, शिरेतून द्यायची औषधे आणि प्रसंगी व्हेंटिलेटर लागतो. मांत्रिकाकडे किंवा वाहनाची वाट पाहण्यात गेलेले तास अशा वेळी भरून काढता येत नाहीत, म्हणून पहिली मात्रा जवळच्या आरोग्य केंद्रातच देऊन मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवले जाते.