तळं दिसलं, धरण दिसलं नाही

आमच्या वसाहतीतलं तळं बावीस घरांच्या मालकीचं. अटलांटापासून गाडीने तासाभरावर, पाइनच्या झाडीत. १९६०च्या सुमारास एका शेतकऱ्याने गुरांच्या पाण्यासाठी ओढ्यावर तीस फूट उंच मातीचा भराव घातला, पुढे जमीन विकली गेली आणि भोवती आम्ही आलो. घर घेताना मला तळं दिसलं. धरण दिसलं नाही. मला ती झाडी असलेली टेकडीच वाटली होती.

तीन वर्षांपूर्वी राज्याचं पत्र आलं: तुमचं धरण आता पहिल्या वर्गात. मी वसाहतीच्या घरमालक संघाची खजिनदार, म्हणून ते माझ्याच हातात पडलं. पहिला वर्ग म्हणजे उत्तम, असं सभेत काहींना वाटलं. अर्थ नेमका उलट आहे. जॉर्जियात धरण फुटून माणसं दगावण्याची शक्यता असेल तर ते पहिल्या वर्गात, नसेल तर दुसऱ्या. भराव किती भक्कम आहे, हे तो वर्ग सांगतच नाही. आमचा बांध होता तसाच होता. खाली ओढ्याकाठी मात्र नऊ नवी घरं झाली होती.

हे वर्ग ठरवणारा राज्याचा कायदा १९७८चा, आणि तो आला एका रात्रीमुळे. ६ नोव्हेंबर १९७७ला पहाटे दीडच्या सुमारास जॉर्जियातल्याच टोकोआजवळचं केली बार्न्स हे मातीचं धरण फुटलं. खाली बायबल कॉलेजची वस्ती होती. ३९ माणसं गेली. आता उंची २५ फूट किंवा साठा १०० एकर-फूट, म्हणजे बारा कोटी लिटरच्या वर, असेल तर सहसा खासगी धरणही या कायद्याखाली येतं.

पहिल्या वर्गात गेल्यावर करायच्या कामांचा खर्च आम्हा बावीस घरांवर. सभेत आवाज चढले, सगळ्यात जास्त भरावावरची झाडं काढण्यावरून. भरावावरचं झाड पडलं तर मुळांसकट माती उखडतं. वाळलं तर मुळं आतल्या आत कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. मलाही त्या पाइनच्या सावलीचं वाईट वाटलं. पण माझी आई पुण्याच्या नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा तिने गल्लीतून वाहणारं पाणी दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं होतं. मी सभेत तेवढंच सांगितलं. झाडं काढायचं ठरलं, सांडवा रुंद करायचंही.

तेव्हापासून मोठा पाऊस झाला की मी काचेची बरणी घेऊन भरावाच्या पायथ्याशी जाते. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाझर नितळ असेल आणि वाढत नसेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ आला तर आतली माती वाहू लागली आहे. मग फोन करायला एक मिनिटही दवडायचं नाही.

गेल्या पावसात बरणीतलं पाणी नितळ होतं. खालच्या पहिल्या घरातली तरुण बाई कुत्र्याला घेऊन ओढ्याकाठी उभी होती. बरणीत काय आहे, तिने विचारलं. मी सांगितलं. वर तळं आहे हे तिला ठाऊक होतं. धरण आहे हे नव्हतं. तिचा फोन नंबर मी आणीबाणीच्या यादीत सगळ्यात वर लिहून घेतला.