परतीचे दार उघडे ठेवावे

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सुरू झाला, तो अमेरिकेत नव्हे तर टोकियोत. लॉस एंजेलिस डॉजर्स आणि शिकागो कब्ज या दोन संघांत मिळून पाच जपानी खेळाडू होते आणि त्यांना पाहण्यासाठी टोकियो डोम भरून गेले होते. हे पाचही जण जपानी शाळांत खेळ शिकले, जपानी व्यावसायिक क्लबांत तयार झाले आणि नंतर अमेरिकेला गेले. प्रेक्षकांच्या टाळ्यांत अभिमान होता. त्यांना घडवणाऱ्या क्लबांच्या चालकांना मात्र तो सामना पाहताना संमिश्र भावनांनी घेरले असेल.

मी बेसबॉलचा जाणकार नाही. परंतु शासकीय सेवेतील बरीच वर्षे माझ्या टेबलावर एका विशिष्ट प्रकारच्या फायली येत असत. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरांना आणि प्राध्यापकांना ‘ना हरकत’ द्यावी की नाही, हा त्यांतील प्रश्न असे. समाजाने घडवलेला माणूस समाजाचा किती आणि स्वतःचा किती, या प्रश्नाशी जपान गेली साठ वर्षे उघडपणे झगडतो आहे. त्याचा अनुभव आपल्या धोरणकर्त्यांनी अभ्यासावा, असे मला वाटते.

जपानला हा खेळ अमेरिकेनेच दिला. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने टोकियोतील विद्यार्थ्यांना तो शिकवला. १८९६ मध्ये योकोहामाच्या अमेरिकी संघाचा टोकियोतील ‘इचिको’ विद्यालयाच्या मुलांनी २९-४ असा पराभव केला. विषम तहांच्या त्या काळात या विजयाचे मोल खेळाच्या पलीकडचे होते. पुढे १९१५ पासून शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. १९२४ मध्ये बांधलेल्या कोशिएन मैदानावर ती आजही दर उन्हाळ्यात भरते आणि सारा देश ती पाहतो. शालेय खेळाडूने खेळासाठी पैसे घेऊ नयेत, असा तेथील दंडक आहे. जपानमध्ये बेसबॉल ही चारित्र्य घडवणारी साधना मानली जाते. अठरा वर्षांच्या मुलापुढे परदेशी करार ठेवला जातो, तेव्हा तेथे उमटणारी अस्वस्थता या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

पहिला संघर्ष १९६४ चा. नानकाई हॉक्स या क्लबने मासानोरी मुराकामी या वीस वर्षांच्या पिचरला, म्हणजे चेंडूफेक करणाऱ्या खेळाडूला, प्रशिक्षणासाठी अमेरिकेत धाडले. तेथे तो इतका चमकला की सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला थेट मुख्य संघात उतरवले आणि करारातील एका कलमावर बोट ठेवून त्याच्यावर हक्क सांगितला. नानकाईने तो परत मागितला. दोन्ही देशांच्या बेसबॉल प्रशासनांचे संबंध काही काळ तुटले. अखेर त्याने १९६५ चा हंगाम अमेरिकेत खेळावा आणि नंतर मायदेशी यावे, अशी तडजोड झाली. १९६७ मध्ये एकमेकांच्या करारबद्ध खेळाडूंना हात न लावण्याचा समझोता झाला. शाळा-महाविद्यालयांतील जपानी खेळाडूंना अमेरिकी क्लबांनी थेट उचलू नये, असा एक अलिखित संकेतही पाळला जाऊ लागला. पुढील तीस वर्षे एकही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही.

ही शांतता खेळाडूंच्या संमतीवर उभी नव्हती. १९९५ मध्ये हिदेओ नोमो याने नियमांतील फट शोधली. स्वेच्छेने निवृत्त झालेला खेळाडू परदेशात खेळू शकत होता. तो ‘निवृत्त’ झाला आणि डॉजर्सकडून त्याच वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्यानंतर १९९८ मध्ये ‘पोस्टिंग’ पद्धत आली. मुक्त होण्यासाठी आवश्यक असलेले नऊ हंगाम पूर्ण होण्यापूर्वी क्लब आपल्या खेळाडूला सोडू शकतो आणि त्या बदल्यात अमेरिकी क्लबकडून रक्कम घेऊ शकतो, हे तिचे सूत्र. २००६ मध्ये दाइसुके मात्सुझाका याच्याशी बोलणी करण्याच्या हक्कासाठी बोस्टन रेड सॉक्सने ५ कोटी ११ लाख डॉलरांची बोली लावली. माणूस जाणारच असेल, तर त्याच्या घडणीचे मोल तरी मिळावे, हा व्यवहार दोन्ही बाजूंना पटला.

परंतु जो खेळाडू जपानी व्यावसायिक क्लबात कधी गेलाच नाही, त्याचे काय? २००८ मध्ये कंपनी संघाकडून खेळणाऱ्या बावीस वर्षांच्या जुनइची ताझावा याने जपानी क्लबांना आपली निवड न करण्याची विनंती केली आणि रेड सॉक्सशी करार केला. त्याने कोणताही कायदा मोडला नव्हता. तरीही बारा क्लबांनी मिळून नियम केला: निवडीला नकार देऊन परदेशी गेलेला खेळाडू परतल्यावर त्याला जपानी क्लबांत दोन वर्षे, आणि तो शाळेतून थेट गेला असेल तर तीन वर्षे, प्रवेश नाही. हा ‘ताझावा नियम’ म्हणूनच ओळखला गेला. ताझावाने अमेरिकेत नऊ हंगाम काढले, २०१३ च्या जगज्जेत्या रेड सॉक्स संघात तो होता. २०२० मध्ये तो मायदेशी आला तेव्हा त्याला एका छोट्या स्वतंत्र लीगमध्ये खेळावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम रद्द झाला; पण त्यानंतरच्या निवडीत चौतिशीतल्या ताझावाला कोणत्याच क्लबने घेतले नाही.

ही हकिगत वाचताना मला माझीच एक फाईल आठवली. एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तरुण शल्यचिकित्सकाने परदेशी प्रशिक्षणासाठी दोन वर्षांची रजा मागितली होती. रिक्त पदांचा आकडा माझ्यासमोर होता. मी ‘नामंजूर’ असा शेरा लिहिला आणि तो नियमाला धरूनच होता. त्याने बंधपत्राची रक्कम भरली, राजीनामा दिला आणि तो गेला. अकरा वर्षांनी त्याचे पत्र आले. त्याला परत येऊन शिकवायचे होते. तोवर वयोमर्यादा उलटली होती, आधीची सेवा खंडित झाली होती आणि राजीनामा दिलेल्यांच्या पुनर्नियुक्तीसाठी विभागाकडे तरतूदच नव्हती. त्या पत्राला मी जे उत्तर पाठवले, तेही नियमाला धरूनच होते. तो माणूस आम्ही दोनदा गमावला. पहिल्यांदा त्याच्या इच्छेने, दुसऱ्यांदा आमच्या.

बंदीखेरीज दुसरा मार्ग असतो, हेही जपानने दाखवले आहे. २०१२ मध्ये हानामाकी हिगाशी या शाळेतील अठरा वर्षांच्या शोहेई ओहतानी याने थेट अमेरिकेला जाण्याचा निर्धार जाहीर केला. निप्पॉन-हॅम फायटर्सने तरीही त्याची निवड केली आणि त्याच्यापुढे धमकी ठेवली नाही, एक टिपण ठेवले. शाळेतून थेट परदेशी गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले आणि मायदेशात पाया घालून गेलेल्यांचे काय झाले, याचा त्यात लेखाजोखा होता. शिवाय चेंडूफेक आणि फलंदाजी दोन्ही करू देण्याचा शब्द क्लबने दिला. ओहतानी थांबला, पाच हंगाम खेळला, २०१६ मध्ये क्लबला अजिंक्यपद मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. आणि मग क्लबच्या संमतीनेच तो अमेरिकेला गेला. २०२३ मध्ये डॉजर्सने त्याच्याशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरांचा करार केला. त्याला थांबवले ते नियमाने नव्हे, तर त्याच्या भल्याचा विचार करणाऱ्या प्रस्तावाने.

सध्याचा वाद पैशाच्या सूत्रामुळे चिघळला आहे. २५ वर्षांखालील परदेशी खेळाडूला अमेरिकी क्लब किती रक्कम देऊ शकतात, यावर तेथील नियमांनी मर्यादा घातली आहे आणि जपानी क्लबाचा मोबदला त्या रकमेशी बांधलेला आहे. योशिनोबू यामामोटो २५ वर्षांचा होऊन गेला, तेव्हा त्याचा करार ३२.५ कोटी डॉलरांचा झाला आणि ओरिक्स क्लबला ५ कोटी डॉलरांहून अधिक मिळाले. रोकी सासाकी जानेवारी २०२५ मध्ये तेविसाव्या वर्षी गेला. त्याला ६५ लाख डॉलर मिळाले आणि चिबा लोट्टे क्लबला त्याच्या चौथ्या हिश्शाएवढे, म्हणजे सुमारे १६ लाख डॉलर. याच क्लबने पहिले वर्षभर त्याला एकाही सामन्यात न उतरवता त्याचा खांदा जपला होता. एप्रिल २०२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, एकाही प्रतिस्पर्ध्याला बेसवर पोहोचू न देता त्याने सामना जिंकला, त्यामागे ती जपणूकही होती. सासाकीवर स्वार्थाचा आरोप झाला. मला तो अर्धाच न्याय्य वाटतो. पिचरचा दंड कोणत्या चेंडूवर कायमचा दुखावेल, हे कोणी सांगू शकत नाही. दोन वर्षे थांबण्याचा धोका त्याचा एकट्याचा होता. दोष सूत्राचा आहे. क्लबने लवकर मोकळीक दिली, तर त्याचेच नुकसान होते.

दरम्यान वय आणखी खाली सरकते आहे. त्याच जानेवारीत शोतारो मोरिई हा अठरा वर्षांचा टोकियोतील विद्यार्थी जपानी क्लबांची निवड टाळून ॲथलेटिक्स क्लबकडे गेला. शालेय कारकिर्दीत १४० होमरन मारणारा रिंतारो सासाकी स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाला. उलट दिशेचे उदाहरणही विसरू नये. २०१९ मध्ये कार्टर स्टुअर्ट या एकोणीस वर्षांच्या अमेरिकी पिचरने मायदेशातील अपुरा प्रस्ताव नाकारून फुकुओकाच्या सॉफ्टबँक हॉक्सशी सहा वर्षांचा करार केला. प्रतिष्ठा आणि दाम मिळाले, तर तरुण जपानलाही येतात.

जपानी क्लबांची भीती निराधार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लीग आठवतात. १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनला कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीय क्लबकडून घेतले आणि त्या क्लबला एक डॉलरही दिला नाही. रॉबिन्सनने जायला नको होते, असे आज कोणीही म्हणणार नाही. वंशभेदाची भिंत त्याने पाडली. पण त्यामागोमाग गुणी खेळाडू गेले, प्रेक्षक गेले आणि १९४८ मध्ये निग्रो नॅशनल लीग बंद पडली. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि संस्थेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले मान्य केले म्हणून दुसरा बुडवण्याचे कारण नाही.

फुटबॉलने यावर तोडगा काढला आहे. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणास, काही अपवाद वगळता, मनाई आहे. तरुण खेळाडू परदेशी गेला, की त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाचा मोबदला मिळतो; पुढे करार चालू असताना त्याची मोठ्या रकमेला बदली झाली, तर त्यातील ५ टक्के वाटा १२ ते २३ या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांत विभागला जातो. बेसबॉलमध्ये असे काही नाही. कोशिएनच्या तालमीत मुलांना घडवणाऱ्या शाळांना या कोट्यवधी डॉलरांतून काहीच मिळत नाही. खेळाडूला पैसे न देता शाळांच्या मैदानांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी सामाईक निधी उभारणे अवघड नसावे.

आपला या वादाशी संबंध काय? २००८ मध्ये, ताझावाच्या कराराच्या आसपासच, लखनऊच्या क्रीडा महाविद्यालयात भालाफेकीचा सराव करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले जाऊन पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले. येथे कोणी हरकत घेतली नाही, कारण आपल्याकडे राखायला बेसबॉल नव्हता. क्रिकेटमध्ये मात्र आपण अमेरिकेच्या जागी आहोत. न्यूझीलंडच्या ट्रेंट बोल्टने २०२२ मध्ये आपल्या मंडळाचा वार्षिक करार सोडला, त्यामागे कुटुंबाबरोबरच व्यावसायिक लीगचे आकर्षण होते आणि त्या लीगांत आपली आयपीएल सर्वांत धनाढ्य. त्याच वेळी आपले मंडळ भारतीय पुरुष खेळाडूंना परदेशी लीगमध्ये खेळू देत नाही. १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचा कर्णधार उन्मुक्त चंद याला अमेरिकेत खेळण्यासाठी २०२१ मध्ये भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घ्यावी लागली. वैद्यक, विज्ञान आणि अध्यापन या क्षेत्रांत मात्र आपण जपानच्या जागी आहोत. घेणाऱ्याच्या भूमिकेत एक नीती आणि देणाऱ्याच्या भूमिकेत दुसरी, असे फार काळ चालत नाही.

म्हणून माझे म्हणणे तीन वाक्यांत मांडतो. जाणाऱ्याला जाऊ द्यावे. त्याला घडवणाऱ्या संस्थेचा खर्च नेणाऱ्याकडून रीतसर वसूल करावा. आणि परत येऊ इच्छिणाऱ्याला शिक्षा देणारा एकही नियम पुस्तकात ठेवू नये. जपानी क्लबांना यांतील तिसरी गोष्ट समजायला बारा वर्षे लागली. मला त्याहून अधिक लागली, आणि ती समजली तेव्हा माझ्या हातात फाईल उरली नव्हती. ज्यांच्या हातात ती आज आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले.