आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?



डिझेलचा भाव चढला की आपल्याकडे नांगरणीच्या खर्चाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. पण हे तेल येते कोठून आणि आटते कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून आज मेक्सिको देशाची हकीकत सांगतो. विहीर असलेल्या प्रत्येक घराने ती ऐकावी.

मेक्सिकोच्या किनाऱ्याला, काम्पेचेच्या उपसागरात रुदेसिंदो कांतारेल नावाचा कोळी मासेमारी करीत असे. पाण्यावर त्याला तेलाचा तवंग दिसला. त्याने ही गोष्ट पेमेक्स या सरकारी तेल कंपनीच्या कानावर घातली. 1976 साली तेथे खोदाई झाली आणि जगातल्या फार मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक हाती लागला. त्या तेलक्षेत्राला या कोळ्याचेच नाव मिळाले.

जमिनीखाली तेलाचे तळे नसते. खडकातील छिद्रांत आणि फटींत ते भरलेले असते. त्याच्या वर वायू, खाली खारे पाणी. आतल्या दाबाने ते वर येते आणि उपसा होईल तसा दाब उतरतो. कांतारेलचेही तेच झाले. तेव्हा 2000 सालापासून हवेतला नायट्रोजन वेगळा काढून या खडकात दाबण्यात आला. 1996 साली रोज सुमारे 11 लाख पिंपे तेल निघत होते, ते 2004 साली 21 लाखांपर्यंत गेले. एक पिंप म्हणजे 159 लिटर.

दाब टिकल्याने काही जास्तीचे तेल हाती लागले, हे खरे. पण नायट्रोजनने नवे तेल तयार केले नव्हते. पुढे वायूचा थर खाली सरकला, पाणी वर चढले आणि 2009 साली रोजचे उत्पादन 7 लाख पिंपांच्या खाली आले. साऱ्या देशाचे उत्पादन 2004 साली रोज सुमारे 34 लाख पिंपे होते. 2019 साली ते निम्म्यावर आले.

भरभराटीच्या काळात मेक्सिको सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलातून येई. तो वर्षाच्या वर्षाला खर्च होई. नवे साठे शोधायला कंपनीकडे पुरेसा पैसा उरत नसे, कर्ज मात्र वाढत गेले.

नॉर्वेचे तेलही 2001 नंतर कमी होऊ लागले. पण त्या देशाने 1990 साली कायदा करून तेलाच्या पैशासाठी वेगळा निधी उभारला. मुद्दल राखायचे आणि साधारण त्याच्या परताव्याइतकेच खर्चायचे, असा नियम 2001 साली केला. बियाणे वेगळे बांधून ठेवून उरलेले दळायला काढावे, तसेच हे झाले.

माझ्या कामाच्या भागात एका शेतकऱ्याने विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि उसाचे क्षेत्र वाढवले. पहिल्या वर्षी सारा गाव पाहायला आला. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. मग बोअर, मग आणखी खोल बोअर, आणि सोसायटीचे कर्ज. त्या घरची बाई मला म्हणाली, “साहेब, यांनी मोटर वाढवली, पण झरा कुठं वाढवला?”

त्या माउलीच्या प्रश्नात मेक्सिकोची सारी कथा आली. आपले नशीब एवढेच चांगले, की आपल्या आडात पाऊस पुन्हा पाणी भरतो. तेलाच्या आडाला तो पाऊस नाही.

म्हणून एवढे करा. दिवाळीनंतर दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजा, वहीत लिहा आणि त्यावरून रब्बीचे क्षेत्र ठरवा. पिकाचा पैसा हाती आला की काही भाग बांधबंदिस्तीला आणि काही पोस्टाच्या पुस्तकात टाका. भरल्या विहिरीच्या वर्षीच हे जमते. आटल्यावर फक्त हिशेब उरतो.