पंख सगळ्यांना नाहीत

बायबलमधले देवदूत बहुतेक वेळा माणसासारखेच दिसतात. मम्रे इथे अब्राहामाकडे आलेले तिघे पाहुणे झाडाखाली बसून दही, दूध आणि वासराचं मांस खातात (उत्पत्ती 18). त्यांतले दोघे पुढे सदोमला जातात आणि तिथे त्यांना थेट दूत म्हटलं आहे.

पंख येतात ते दर्शनांमध्ये. यशया संदेष्ट्याने पाहिलेल्या सराफीमांना सहा पंख आहेत. दोन पंखांनी ते तोंड झाकतात, दोनांनी पाय, उरलेल्या दोनांनी उडतात. बाबेलच्या बंदिवासात यहेज्केलला दिसलेले प्राणी तर थरकाप उडवणारे आहेत. प्रत्येकाला चार पंख आणि चार तोंडं: माणूस, सिंह, बैल, गरुड. आपल्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात तो त्यांना करूब म्हणतो. करूब म्हणून रंगवली जाणारी गुटगुटीत, पंखवाली बाळं ही युरोपीय चित्रकारांची देणगी.

प्रोटेस्टंट बायबलमध्ये नावाने येणारे देवदूत दोनच, गब्रीएल आणि मीखाएल. रफाएल भेटतो तोबीतच्या ग्रंथात, जो कॅथलिक बायबलमध्ये आहे.

आणि सैतान? ईयोबाच्या ग्रंथात तो देवापुढे हजर होतो, ईयोबाच्या निष्ठेवर शंका घेतो. देवाने आखून दिलेल्या मर्यादेतच त्याला ईयोबाचा छळ करता येतो. शिंगं, शेपटी यांचा तिथे उल्लेखही नाही.