बुडबुड्यातून वीज मिळेल काय?



सहवीजनिर्मितीसाठी ऊसबिलातून कपात सुरू झाल्यापासून काही सभासद आम्हांस एक प्रश्न विचारीत आहेत. द्रवातल्या बुडबुड्यातून अणुशक्ती काढता येते असे त्यांच्या वाचनात आले आहे. मग बगॅसच्या बॉयलरला आत्ताच एवढा पैसा कशाला घालायचा, थोडं थांबू या की, असे त्यांचे म्हणणे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून ही हकिगत देत आहोत.

बुडबुड्याची ताकद आपल्याला नवी नाही. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल गेले, किंवा फूटव्हॉल्व्ह पालापाचोळ्याने तुंबला, की पंपात खडी टाकल्यागत खडखड सुरू होते. ओढीच्या बाजूला दाब इतका उतरतो की गार पाणीसुद्धा उकळते आणि वाफेचे बुडबुडे धरतात. पुढे दाब वाढला की ते फटकन मिटतात. तो मार एवढा जबर असतो की इंपेलरच्या धातूला खड्डे पडतात. कारखान्यातल्या पंपांनाही हाच रोग लागतो. आगबोटींचे पंखे असेच झिजत. तेव्हा इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित मांडले.

पुढे १९३४ साली जर्मनीत दिसून आले की ध्वनिलहरींनी द्रवात पाडलेले बुडबुडे मिटताना अंधुक उजेड टाकतात. आतला वायू क्षणात दाबला जाऊन भयंकर तापतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २००५ साली केलेल्या मोजणीत हे उष्णतामान सुमारे १५,००० अंश निघाले. सूर्याच्या पृष्ठभागाच्या दुपटीहून जास्त! इथवर सारे खरे आहे.

गाडी अडते ती पुढे. जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्यूटेरियमचे, दोन अणुगर्भ एकजीव झाले तर प्रचंड शक्ती सुटते. पण अशा संमीलनापासून वीज काढायची तर १० कोटी अंशांच्या घरातले उष्णतामान लागते. ओक रिज प्रयोगशाळेतील रुसी तलेयारखान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २००२ मध्ये दावा केला की, ड्यूटेरियम घातलेल्या ॲसिटोनमधील बुडबुड्यांत संमीलनाच्या खुणा मिळाल्या. त्याच प्रयोगशाळेतील दुसऱ्या दोघांनी मोठे मोजयंत्र लावून तपासले, तेव्हा तसे न्यूट्रॉन सापडले नाहीत. कॅलिफोर्नियात पुन्हा उपकरण उभारले गेले. तिथेही हाती काही लागले नाही. तलेयारखान नंतर पर्ड्यू विद्यापीठात होते. तिथल्या चौकशी समितीने २००८ साली ठरविले की, स्वतंत्र पडताळा म्हणून दाखविलेले काम खऱ्या अर्थाने स्वतंत्र नव्हते. त्यांचे अपीलही फेटाळले गेले.

बरं, दावा घटकाभर खरा धरू. सांगितलेले न्यूट्रॉन सेकंदाला काही लाख. त्यापासून मिळणारी उष्णता एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. घरातला झिरोचा बल्ब लावायचा तर अशी कोटभर भांडी मांडावी लागतील, आणि प्रत्येक भांड्याला ध्वनिलहरींसाठी वीज द्यावी लागेल ती वेगळीच. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

संमीलन मुळातच खोटे, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील लिव्हरमोर येथे डिसेंबर २०२२ मध्ये लेसरच्या २.०५ मेगाजूल माऱ्यातून ३.१५ मेगाजूल शक्ती मिळाली. पण लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाजूल वीज ओढावी लागली. आणि ३.१५ मेगाजूल म्हणजे किती? मिलमधून निघणारे अर्धा किलो ओले बगॅस जाळले तरी त्याहून थोडी जास्तच उष्णता मिळते.

बॉयलर केवढा घ्यावा, कर्ज किती काढावे, वीज कोणत्या दराने विकली जाईल, यावर सभासदांनी वार्षिक सभेत अवश्य वाद घालावा. तो हक्कच आहे. बुडबुड्याच्या विजेसाठी थांबा, असे मात्र आम्ही सांगू शकत नाही. विहिरीवरचा पंप खडखडू लागला तर तेवढा लगेच बंद करून फूटव्हॉल्व्ह साफ करावा.