जमिनीची नवी मोजणी आणि लहान मंडळ्या

३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो एक गुंठा, हा हिशेब आमच्या वयस्क वाचकांस तोंडपाठ असेल. महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस तर तो झोपेंतहि आठवतो. आतां ड्रोन नांवाचें छोटें विमान गांवावरून फिरतें आणि खालच्या भिंती व वाटा सुमारें ५ सेंटिमीटरपर्यंतच्या बारकाईनें टिपतें. काम सरकारी खरें. परंतु विमान बनविणें, चित्रें जोडणें, जुने नकाशे त्यांवर बसविणें यांतील बराच भाग खासगी मंडळ्यांकडे जातो, व त्यांत दहापंधरा माणसांच्या मंडळ्याहि असतात. त्यांच्या अडचणींशीं शेतकऱ्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. नकाशा चुकला म्हणजे बांधाचा तंटा आपल्याच दारीं येतो, एवढा संबंध आम्हांस पुरेसा वाटतो.

पहिली अडचण परवान्यांची होती. ती १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं पुष्कळ अंशीं दूर झाली. भारतीय मंडळीस नकाशाच्या कामासाठीं आतां पूर्वपरवानगी लागत नाहीं. नियम पाळल्याचें स्वतः लिहून दिलें कीं पुरे. शिवाय आडव्या मापांत १ मीटर व उंचींत ३ मीटर यांहून सूक्ष्म माहिती तयार करण्याचा अधिकार भारतीय मंडळ्यांसच ठेविला आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत ड्रोनचे नवे नियम निघून २५ नमुन्यांच्या जागीं ५ राहिले. मुंबईच्या आय. आय. टी.तील तरुणांनीं २००७ सालीं काढलेल्या आयडियाफोर्ज मंडळीस असे सोपे नियम मिळाले नव्हते. तिनें प्रथम लष्कर व पोलीस यांस विमानें पुरवून तग धरला, आणि २०२३ सालीं तिचे भाग शेअरबाजारांत आले.

दुसरी अडचण निविदेची, व ती अधिक चिवट आहे. बयाणा भरा, मागील वर्षांची उलाढाल दाखवा, असेंच काम पूर्वीं केल्याचा दाखला आणा. पहिलें काम मिळाल्यावांचून दाखला नाहीं, आणि दाखल्यावांचून काम नाहीं! केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत लहान उद्योगांस बयाण्याची माफी आहे. नवउद्योगांस उलाढालीची व अनुभवाची अट शिथिल करतां येते. परंतु 'करतां येते' या शब्दांचा कचेरींतील अर्थ आम्ही जाणतों. सही करणारा अधिकारी उद्यांच्या हिशेबतपासणीस भितो व जुनीच अट कायम ठेवतो. म्हणून शहाण्या लहान मंडळ्या एखाद्या मोठ्या मंडळीच्या हाताखालीं कामाचा तुकडा घेतात, तो चोख करून दाखला मिळवितात, आणि मग स्वतःच्या नांवानें उभ्या राहतात. बिलाची गोष्ट निराळी. २००६ च्या कायद्याप्रमाणें लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आंत मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण पुढचें काम हवें असणारा मनुष्य व्याज मागतो कोठें?

तिसरी अडचण जुन्या दप्तराची. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें गांवठाणाची ड्रोन-मोजणी प्रयोगादाखल झाली. पुढें २४ एप्रिल २०२० रोजीं स्वामित्व योजना जाहीर झाली. या कामांत घरांच्या हद्दी अगोदर चुन्यानें आंखून घेतात; कारण वरून छप्पर दिसतें, मालकी दिसत नाहीं. गांवठाणांत हें साधतें. शेतजमिनींत टिपणें फाटलेलीं, १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याखालीं सर्व्हे नंबरांचे गट झालेले, आणि सातबाऱ्यावरील क्षेत्र एक तर नकाशावरील दुसरें.

आमच्या तालुक्यांत एका लहान मंडळीच्या मुलांनीं असे नकाशे विमानाच्या चित्रांवर बसविण्याचें काम घेतलें होतें. एका गांवची शीव कांहीं केल्या जुळेना. चूक यंत्राची असेल म्हणून त्यांनीं महिना घालविला. अखेर एका निवृत्त भूकरमापकास त्यांनीं जीपमधून शिवारांत नेलें. आम्हीहि बरोबर होतों. म्हाताऱ्यानें टिपण पाहून शिवेचे तीन दगड कोठें असावेत तें सांगितलें. दोन सांपडले, व त्यांवरून नकाशा पुष्कळसा सरळ झाला. तिसरा एका विहिरीवर धुणें धुण्याच्या कामीं आला होता. तो मूळचा कोठला, याविषयीं दोन्ही गांवांचे लोक आमच्यासमोरच भांडूं लागले. मुलांनीं तेवढी रेघ तुटक काढली आणि शेजारीं 'हद्द अनिश्चित' असें लिहिलें. वरिष्ठ कचेरीस तें रुचलें नाहीं. पूर्ण रेघ काढून आणा, मग बिल, असा निरोप आला. मुलांनीं रेघ काढली नाहीं. बिल अद्याप अडकलेलें आहे.